‘कळवतो’ म्हणाले आणि गेले: मुंबईत नोकरी शोधताना वेळ आणि मान कसा राखायचा

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीतली एक मुलगी मरोळला मुलाखतीला गेली. वेळ अकराची. डोंबिवलीहून गर्दीतली फास्ट, घाटकोपरला उतरून मेट्रो, मरोळ नाक्याहून पुढे चालत. पावणेअकराला ती गेटवर होती. रजिस्टरमध्ये नाव-नंबर लिहिला, व्हिजिटरचा पास गळ्यात अडकवला आणि रिसेप्शनच्या सोफ्यावर बसली. साडेअकरा झाले, बारा झाले, एक वाजला. विचारलं की उत्तर एकच, ‘सर मीटिंगमध्ये आहेत.’ सव्वादोनला एक मुलगा येऊन म्हणाला, ‘सर क्लायंटकडे निघून गेले. तुम्हाला कळवतो.’ नवी वेळ कळवणं मात्र अजून व्हायचंय.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. ‘काकू, मी आवाज चढवायला हवा होता का?’

आवाज चढवून काही हाती लागलं नसतं. किती वाजेपर्यंत थांबायचं हे तिने घरातून निघतानाच ठरवायला हवं होतं. सोफ्यावर बसल्यावर ते ठरत नाही. एवढा वेळ गेलाच आहे, आणखी दहा मिनिटं बघू, असं करत माणूस बसून राहतो. मुलाखतीनंतरच्या तीन आठवड्यांचंही तेच, ऑफर लेटरचंही तेच. खाली जे सांगणार आहे ते सगळं या एकाच गोष्टीभोवती फिरतं: वाट पाहण्याची शेवटची तारीख आपण ठरवायची, आधी ठरवायची आणि लिहून ठेवायची.

मी चौदा वर्षं भरतीचं काम केलं. आधी कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या एका कन्सल्टन्सीत, मग दोन कंपन्यांच्या एचआरमध्ये. तेव्हा मीही कित्येकांना ‘कळवते’ म्हणून कळवलेलं नाही. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय चालतं हे मला जरा माहीत आहे.

ते गप्प का बसतात

हे आधी समजून घ्या, कारण निम्मा मनस्ताप इथेच कमी होतो.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे नोटीस पिरियड, म्हणजे राजीनामा दिल्यावर जुन्या ठिकाणी काढायचे दिवस. आयटी आणि बँकिंगमध्ये ९० दिवसांची नोटीस सर्रास असते. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराने होकार दिला तरी तो रुजू व्हायला तीन महिने. त्या तीन महिन्यांत त्याची जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवू शकते, किंवा तो तिसऱ्याच ठिकाणी जाऊ शकतो. म्हणून दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला नकार कळवायचा नसतो आणि होकार तर देताच येत नाही. त्याला ‘गरम ठेवा’ असं आम्हाला सांगितलं जायचं. तुम्हाला दर दहा दिवसांनी ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं ऐकू येत असेल, तर बहुधा तुम्ही तो दुसरा नंबर आहात. उमेदवारी चांगली असल्याचीच ती खूण आहे, पण त्यावर घर चालत नाही.

दुसरं कारण पैशाचं. जाहिरात निघते, मुलाखती होतात आणि मग कळतं की त्या जागेला वरून मंजुरीच नव्हती, किंवा ज्या क्लायंटच्या कामासाठी माणूस हवा होता तो करार अजून सहीला पडलाय. जागा ‘होल्डवर’ जाते. ती कायमची गेली की महिन्याभराने परत येणार, हे एचआरलाही ठाऊक नसतं. कधी आतलाच माणूस ठरलेला असतो आणि बाहेरच्या तिघांच्या मुलाखती फायलीत कागद लागतात म्हणून होतात. हे वाईट आहे, पण होतं.

कन्सल्टंटचं गणित वेगळं. त्याला पैसे कंपनी देते आणि तेही उमेदवार रुजू झाल्यावर. वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, हा बाजारात रुळलेला दर आहे. नकार मिळालेल्या उमेदवाराला फोन करण्यात त्याचा वेळ जातो, मिळत काहीच नाही. शिवाय पुष्कळदा कंपनीने त्यालाही काही कळवलेलं नसतं.

आणि शेवटचं, अगदी साधं कारण: नकार लिहायला लाज वाटते. मॅनेजर अभिप्राय भरून देत नाही, एचआरची मुलगी आज-उद्या करते, मग इतका उशीर होतो की आता काय तोंडाने कळवायचं, म्हणून ती गप्पच बसते. ती मुलगी मी होते.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून नियम आलाय. २५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकाने जाहिरात देऊन मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीनंतर ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही हे उमेदवाराला कळवायचं. आपल्याकडे खासगी कंपनीवर असं बंधन घालणारा कायदा नाही. म्हणजे इथे तुमची वही हाच तुमचा कायदा.

पायरी पहिली: वही

मोबाइलमधली शीट चालेल, पण शंभर पानी वही जास्त टिकते. एका अर्जाला एक ओळ. तारीख, कंपनी, पदाचं नाव, कोणामार्फत, फोन करणाऱ्याचं नाव आणि नंबर, सांगितलेला पगार, पुढे काय होणार म्हणाले आणि कधीपर्यंत. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: ‘माझी तारीख’. या तारखेनंतर मी या ओळीकडे पाहणार नाही.

अर्ज केला त्याच दिवशी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. जागा बंद झाली की जाहिरात गायब होते आणि मुलाखतीत अचानक वेगळंच काम सांगितलं जातं. तेव्हा ‘जाहिरातीत तर असं होतं’ म्हणायला हातात काहीतरी लागतं.

‘कोणामार्फत’ हा रकानाही ओळखून भरा. एकाच कंपनीत दोन कन्सल्टंटनी तुमचा बायोडेटा पाठवला, तर फी कोणाची यावर त्यांचं भांडण होतं आणि कंपनी वैतागून तुमचं नावच बाजूला ठेवते. बहुतेक कंपन्यांत आधी आलेला बायोडेटा काही महिने त्या कन्सल्टंटच्या नावावर धरला जातो. म्हणून कन्सल्टंटला स्पष्ट सांगा, ‘कंपनीचं नाव सांगितल्याशिवाय आणि मला विचारल्याशिवाय बायोडेटा पाठवू नका.’ जो नाव सांगायला तयार नाही, त्याच्याकडे बायोडेटा द्यायची घाई नको.

पायरी दुसरी: पहिला फोन

हा फोन हमखास तुम्ही दारात लटकत असताना येतो. तिथे बोलू नका. ‘मी ट्रेनमध्ये आहे, साडेपाचला मी फोन केला तर चालेल का? आपलं नाव काय म्हणालात?’ एवढं पुरे. ज्यांना खरंच माणूस हवाय ते थांबतात.

परत फोन कराल तेव्हा पगाराचा आवाका, ऑफिस नेमकं कुठे, एकूण किती राउंड आणि पहिला राउंड व्हिडिओवर होईल का, हे विचारायला लाजू नका. कल्याण-विरारच्या माणसाला लोअर परळची एक चक्कर म्हणजे अर्धा दिवस आणि आजच्या नोकरीतली एक रजा. ‘पगाराचं नंतर बोलू’ असं ऐकलं तर मी म्हणायचे तसं म्हणा: ‘आकडा नको, आवाका सांगा. दोघांचाही वेळ वाचेल.’ तुमचा आत्ताचा पगार विचारायला आपल्याकडे बंदी नाही आणि बहुतेक ठिकाणी विचारतातच. खोटं सांगू नका, कारण पुढे सॅलरी स्लिप मागतात आणि पीएफच्या नोंदीत जुन्या नोकऱ्यांच्या तारखा दिसतात. पण अपेक्षित आकडाही त्याच दमात सांगून टाका.

सगळं बोलून झालं की, ‘पत्ता, वेळ आणि कोणाला भेटायचं हे मेलवर पाठवाल का?’ मेल येत नसेल तर तुम्हीच व्हॉट्सअॅप करा: ‘आत्ता ठरल्याप्रमाणे गुरुवारी सकाळी ११ वाजता, अमुक पत्त्यावर, तमुक मॅडमना भेटायला येते.’ आता ते लेखी झालं.

कंपनी खरी आहे का हेही याच वेळी बघा. नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल, तर कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची नोंद, स्थापनेचं वर्ष आणि ती चालू आहे की बंद, हे फुकट दिसतं. एकट्या मालकाच्या फर्मची नोंद तिथे नसते. तिथे ऑफिसचा पत्ता आणि आधीच्या कर्मचाऱ्यांचे अनुभव यांवर भागवावं लागतं.

पैसे मागितले की विषय संपला. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, युनिफॉर्म, लॅपटॉपचं डिपॉझिट, विमानतळावरच्या नोकरीचा ‘गेटपास’, नाव काहीही असो. कन्सल्टंटला कंपनी पैसे देते हे वर सांगितलंच. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच ते परत मिळण्याची आशा असते, म्हणून इथे तास मोजायचे, दिवस नाही.

मुलाखतीआधी आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट असं काही पाठवू नका. ऑफर आल्यावर लागेल तेव्हा पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार आधारच्या संकेतस्थळावरून काढता येतं. मूळ मार्कशीट दाखवायची, द्यायची नाही. ‘जमा करून ठेवतो’ म्हणाले तर पिशवीची चेन लावायची.

पायरी तिसरी: आदल्या संध्याकाळी

एक ओळ पाठवा: ‘उद्या ११ ची भेट ठरल्याप्रमाणे आहे ना? मी डोंबिवलीहून निघणार आहे.’ गाव लिहिण्यात मतलब आहे. लांबून येणाऱ्याला विनाकारण बोलवायला माणूस जरा कचरतो. सकाळी निघेपर्यंत उत्तर आलं नाही तर फोन करा. फोनही उचलला नाही तर निघू नका, तसा मेसेज टाका. हा सल्ला काहींना पटत नाही. पण माझ्या अनुभवात आदल्या दिवशी ज्यांनी उत्तर दिलं नाही, तिथे दुसऱ्या दिवशी निम्म्या वेळा साहेब जागेवर नव्हते.

रविवारचा वॉक-इन (वेळ न ठरवता थेट जायची मुलाखत) असेल तर मेगाब्लॉक आधी पाहा. जुलैत अंधेरीचा सबवे तुंबला की पूर्वेकडून पश्चिमेला जायचे वांधे होतात. अशा दिवशी सकाळी आठलाच ‘पाऊस फार आहे, आज व्हिडिओवर करूया का?’ असं विचारलं तर कुणी वाईट मानत नाही. ज्यांनी मानलं, त्यांच्याकडे दर पावसाळ्यात काय होईल याचा अंदाज आलाच.

पायरी चौथी: सोफा

माझा हिशेब असा. वीस मिनिटं मुंबईत उशीर धरायचाच नाही. अर्ध्या तासाला उठून रिसेप्शनला विचारायचं, ‘साधारण किती वेळ लागेल? मला सव्वाबाराला निघावं लागेल.’ हे नम्रपणे आणि आकड्यात. एक तासाने कोणी येऊन काही बोललं नाही, तर ज्यांनी बोलावलं त्यांना मेसेज करायचा आणि निघायचं:

‘मॅडम, ११ च्या भेटीसाठी मी १०.४५ पासून इथे होते. आज भेट शक्य दिसत नाही म्हणून १२.१५ ला निघते आहे. पुढची वेळ व्हिडिओवर ठरवता येईल का?’

त्यात टोमणा नाही, रडणं नाही. वेळा आहेत. बाहेर पडताना रजिस्टरमध्ये निघायची वेळ लिहायला विसरू नका. मरोळला गेलेली ती मुलगी विसरली होती, आणि आठवड्याने तिला त्याच कंपनीतून फोन आला की ‘तुम्ही मुलाखतीला आलाच नाहीत.’

तुम्हाला नोकरी अगदी हवीच असेल, घरचा हप्ता डोक्यावर असेल, तर तीन तासही थांबा. त्यात कमीपणा नाही. फक्त ‘आज तीन वाजेपर्यंत’ हे आदल्या रात्रीच ठरवून या. मुलाखत पुढे ढकलण्याचंही असंच: एकदा ढकलली तर चालतं, दुसऱ्यांदा कारण विचारा, तिसऱ्यांदा वहीत रेघ.

पायरी पाचवी: आतल्या खोलीत

समोरचा फोनवर मेसेज टाइप करतोय आणि तुम्ही बोलताय, हे होणार. बोलणं थांबवा. शांत बसा. तो वर बघतो. तेव्हा, ‘आपलं होऊ द्या, मी थांबते.’ एवढं केलं की पुढची दहा मिनिटं फोन उलटा पडून राहतो.

‘लग्न कधी?’, ‘मुलं लहान आहेत, जमेल का?’ हे प्रश्न मुलींनाच का विचारतात हे विचारून वाद होतो आणि नोकरी जाते, म्हणून मी कामाकडे वळवायला सांगते: ‘कामाच्या वेळा सांगा, त्या पाळता येतील की नाही ते मी आत्ताच सांगते.’ हे उत्तर सहसा चालतं. ज्याला चालत नाही तो पुढे प्रत्येक रजेला हेच ऐकवणार. लिंग बघून भरतीत भेदभाव करू नये असं कायदा सांगतो, पण बंद खोलीतला प्रश्न सिद्ध करणं अवघड असतं. म्हणून बाहेर पडताच प्रश्न, वेळ आणि विचारणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवा.

इंग्रजी अडखळलं म्हणून हसणारे भेटतात. मराठी शाळेतून आलेल्या कितीतरी मुलांचं मन इथेच मोडतं. काम अकाउंट्सचं असेल तर सरळ सांगा, ‘बोलण्यात वेळ लागतो, लिहिण्यात आणि टॅलीत लागत नाही. एखादी एन्ट्री देऊन बघा.’ मी अशा एका मुलाला घेतलं होतं. पुढे सहा वर्षं त्याची महिनाअखेर कधी चुकली नाही.

मुद्दाम अपमान करून ‘बघतोय, दडपणात कसा वागतो’ म्हणणाऱ्यांबद्दल माझं मत एवढंच, की त्यांना मुलाखत घेता येत नाही.

उठायच्या आधी दोन प्रश्न, न चुकता: ‘निर्णय साधारण कधीपर्यंत होईल?’ आणि ‘तोपर्यंत काही कळलं नाही तर मी कोणाला विचारू?’ उत्तर ‘लवकरच’ आलं तर हसून, ‘म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत धरू?’ तारीख तुमच्या तोंडून गेली तरी चालते. समोरच्याने ‘हो’ म्हटलं की ती त्याची झाली.

फुकटचं काम

डिझाइन, कंटेंट, मार्केटिंग आणि कोडिंगवाल्यांसाठी हे वेगळं सांगते, कारण इथे जास्तीत जास्त फसवणूक सभ्य चेहऱ्याने होते. दोन-तीन तासांची चाचणी ठीक. पण ‘आमच्या ब्रँडचा तीन महिन्यांचा सोशल मीडिया प्लॅन करून आणा’ ही चाचणी नाही, हे काम आहे, आणि दहा उमेदवारांकडून असं मागवलं की एजन्सीचा खर्च वाचतो. विचारा: ही चाचणी काल्पनिक ब्रँडवर करू का? परीक्षण कोण करेल, कधी? मोठं काम असेल तर मानधन काय? काम द्यायचंच झालं तर पीडीएफ द्या, पानापानावर आपलं नाव आणि ‘फक्त निवडीसाठी’ असं लिहून. मूळ फाइल देऊ नका. मानधनाचा प्रश्न विचारल्यावर जे चिडतात, त्यांनी तुमचे तीन दिवस वाचवले असं समजा.

पायरी सहावी: मुलाखतीनंतर

मेसेज मी मराठीत देतेय. पुष्कळ ठिकाणी तुम्हाला ते इंग्रजीत पाठवावे लागतील. वळण हेच ठेवा आणि चार ओळींच्या वर जाऊ नका.

त्याच संध्याकाळी: ‘आज वेळ दिल्याबद्दल आभार. जीएसटी रिटर्नच्या कामाबद्दल आपण जे बोललो ते मला आवडलं. आपण म्हणाल्याप्रमाणे शुक्रवार, १४ तारखेपर्यंत निर्णय कळेल असं धरते.’ आभार हा बहाणा. खरं काम तारीख लेखी करण्याचं.

ती तारीख उलटली की दोन कामाचे दिवस जाऊ द्या. मग: ‘१४ तारखेपर्यंत कळेल असं ठरलं होतं. अजून निर्णय झाला नसेल तर नवी तारीख सांगाल का?’ इथे ‘काही अपडेट आहे का?’ असं कधीच विचारू नका. त्याला ‘अजून नाही’ एवढंच उत्तर येतं आणि तुम्ही होता तिथेच. नवी तारीख मागितली की एकतर तारीख येते किंवा कुजबुजत खरं बाहेर येतं की जागा होल्डवर आहे.

हे सोमवारी सकाळी पाठवू नका, शुक्रवारी संध्याकाळीही नको. मंगळवार ते गुरुवार, जेवणाच्या सुटीनंतर, ही वेळ बरी. फोन एकदाच. उचलला नाही तर परत परत लावू नका. मी अशा नंबरांना घाबरून उचलायचे नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. आणि ऑफिसच्या दारात जाऊन उभं राहू नका.

आणखी एक आठवडा गेला तर तिसरा आणि शेवटचा: ‘काही कळलं नाही म्हणून या जागेसाठी मी आता थांबत नाही. पुढे गरज पडली तर जरूर कळवा.’ गंमत अशी, की या मेसेजला सर्वात जास्त उत्तरं येतात. दुसऱ्या नंबरचा उमेदवार हातचा जातोय म्हटलं की मॅनेजरला जाग येते. पण उत्तर येईल म्हणून तो पाठवू नका. तो पाठवायचा, ओळीवर रेघ मारायची आणि दुसरीकडे अर्ज करायचा.

या सगळ्या काळात बाकीचे अर्ज थांबवायचे नाहीत. हे लोक ऐकत नाहीत. एक मुलाखत चांगली झाली की ‘ही तर झालीच’ म्हणून तीन आठवडे हात बांधून बसतात.

आणि घरचे. रोज संध्याकाळी ‘त्या नोकरीचं काय झालं रे?’ विचारणाऱ्या मावशीला ‘२० तारखेला कळेल’ म्हणून टाका. वहीतली तारीख इथेही उपयोगी पडते.

पायरी सातवी: तोंडी होकार

‘तुमचं झालंय, ऑफर येतेय, तुम्ही राजीनामा टाका.’ नाही. कागद हातात आल्याशिवाय राजीनामा नाही, कुणीही सांगितलं तरी. कागदावर पद, एकूण पगार आणि हातात येणारा पगार, रुजू होण्याची तारीख, ठिकाण आणि बाँड (मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायची अट) असेल तर त्याची रक्कम व मुदत बघा. बाँड म्हणजे नुसता धाक असं समजून सही करू नका. २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची रक्कम वैध ठरवली आहे.

पटलं तर त्याच दिवशी मेलवर लेखी होकार पाठवा. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तुम्ही होकार पाठवेपर्यंत समोरचा प्रस्ताव मागे घेऊ शकतो. होकार गेल्यावर मागे घेतला तर निदान तुमच्या बाजूने बोलायला जागा राहते. राजीनामा टाकून बसलेल्या माणसाला वकिलाच्या एका नोटिशीने कधी कधी महिन्या-दोन महिन्यांचा पगार तडजोडीत मिळतो. हमी मात्र नाही. रुजू झाल्यावर नेमणूकपत्र मागून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार ते देणं मालकाचं काम आहे.

तक्रार कधी, कुठे

उत्तर दिलं नाही, दोन तास बसवलं, हसले, यासाठी सरकारी दार नाही. लिहायचंच असेल तर कंपन्यांचे अनुभव नोंदवतात अशा संकेतस्थळांवर नाव न देता लिहा: तारीख, किती वेळ थांबवलं, काय ठरलं होतं, काय झालं. विशेषणं नकोत. ‘नालायक लोक’ वाचून कुणी सावध होत नाही, ‘११ ची वेळ देऊन २.१५ ला परत पाठवलं’ वाचून होतं. त्यांचे चॅट मात्र नावानंबरासकट टाकू नका.

अंगाशी येणं, घाणेरडं बोलणं, ‘बाहेर कॉफीला भेटू, मग बघू’ हा प्रकार वेगळा आणि तो गिळायचा नाही. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ‘नोकरीत असो वा नसो’ अशा प्रत्येक बाईला लागू आहे, म्हणजे मुलाखतीला आलेल्या मुलीलाही. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार त्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मुंबईत जिल्हे दोन: शहरचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या कस्टम हाउसमध्ये, उपनगरचं वांद्रे पूर्वेला.

सरकारी भरतीत मात्र तुमच्या हातात एक चांगलं हत्यार आहे. निकाल लागून महिने गेले, प्रतीक्षा यादी कळत नाही, आपले गुण कळत नाहीत, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. ‘अन्याय का झाला’ असं विचारू नका. ‘अमुक पदाच्या प्रतीक्षा यादीची सद्यस्थिती आणि माझ्या उत्तरपत्रिकेतले गुण’ असं नेमकं मागा.

नोकरी लागल्यावर

वहीत अजून चार-पाच ओळी उघड्या असतील. कुठे दुसरा राउंड बाकी, कुठे कन्सल्टंट वाट बघतोय. रुजू व्हायच्या आधी त्या सगळ्यांना एक ओळ पाठवा: ‘मला दुसरीकडे नोकरी मिळाली आहे, माझं नाव काढावं. आपण वेळ दिलात, आभारी आहे.’ रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद करून बसणारे उमेदवार मी भरपूर पाहिलेत, आणि त्यांच्यामुळेच तो दुसऱ्या नंबरचा माणूस तीन महिने टांगला जातो.

मरोळवाल्या मुलीला ऑगस्टमध्ये ठाण्यात नोकरी लागली. तिने पाच ठिकाणी हा मेसेज पाठवला. दोन ठिकाणांहून अभिनंदन आलं. एका ठिकाणाहून तिला विचारलं, की तुमच्या ओळखीत कोणी आहे का? तिने वहीतून दोन मैत्रिणींची नावं दिली, आधी त्यांना विचारून.